नत्रखत दिल्यावर झाडं जास्त पाणी पितात की कमी?

शेवरी४२
पाइनची बारा वर्षांची लागवड, जमीन रेताड, पाऊस बेताचा. सुयांमधलं (पाइनच्या पानांमधलं) नत्र १.०५ टक्के आलंय, म्हणजे कमतरता स्पष्ट आहे. हेक्टरी १५० किलो नत्र युरियातून द्यायचा विचार आहे (सुमारे ३२६ किलो युरिया). एकीकडे वाचलं की नत्राने पाणीवापराची कार्यक्षमता वाढते, दुसरीकडे वाचलं की खत दिलेली झाडं कोरड्या वर्षी आधी माना टाकतात. दोन्ही खरं कसं? आणि खालच्या ओढ्याचं पाणी घटेल का?

रानमाती
दोन्ही खरं आहे. पहिलं विधान एका पानाबद्दल आहे, दुसरं अख्ख्या झाडाबद्दल.

पानातल्या नत्राचा मोठा वाटा रुबिस्को या विकरात आणि हरितद्रव्याला धरून ठेवणाऱ्या प्रथिनांत असतो. नत्र वाढलं की पर्णरंध्रं (पानावरची बारीक छिद्रं, ज्यांतून पाणी उडतं) तेवढीच उघडी असूनही पान कार्बन डायऑक्साइड जास्त वेगाने बांधतं. म्हणून दर ग्रॅम कार्बनमागे कमी पाणी उडतं.

पण झाड तिथे थांबत नाही, ते पानं वाढवतं. विरळ रानात पर्णक्षेत्र निर्देशांक (जमिनीच्या दर चौरस मीटरवर किती चौरस मीटर पानं) १.५ वरून ३ झाला आणि पानाच्या दर चौरस मीटरमागे १५ टक्के पाणी वाचलं असं धरा. २ गुणिले ०.८५, म्हणजे १.७ पट बाष्पोत्सर्जन (पानांतून उडणारं पाणी). खालची पानं सावलीत जातात आणि जमिनीवरून थेट उडणारं पाणी घटतं, त्यामुळे एकूण वाढ यापेक्षा कमी राहते. पण पावसाचं जे पाणी पानांवरच अडून उडून जातं, ते वाढतं. रान आधीच दाट असेल, निर्देशांक ५-६ असेल, तर नव्या पानांनी पाण्यात फारसा फरक पडत नाही.

आता मुळं. नत्र सहज मिळालं की झाड बारीक मुळांवर आणि त्यांच्या साथीदार बुरशीवर कमी कार्बन खर्च करतं. वर पानं दुप्पट आणि खाली मुळं तेवढीच, कधी कमी. रेताड जमिनीत हे जास्त बोचतं, कारण वाळू थोडी सुकली की मुळाभोवतीचा थर पाणी वाहून आणायचं जवळजवळ बंद करतो. लाकडातल्या पाण्यावर ताण वाढतो, वाहिन्यांत हवेचे बुडबुडे शिरतात, झाड रंध्रं मिटतं.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात लॉब्लॉली या पाइनच्या जातीवर, रेताड जमिनीतच, १९९२ पासून खत आणि सिंचन वेगवेगळं आणि एकत्र देऊन प्रयोग झाला. वाढीवर खताचा परिणाम पाण्यापेक्षा मोठा ठरला. पण नुसतं खत दिलेल्या झाडांची पाणी वाहण्याची क्षमता घटलेली आढळली. तुमची जमीन याच जातीची आहे.

ओढ्याचं म्हणाल तर, झाडं आजच मिळेल तेवढं पाणी संपवत असतील तर वर्षाचा हिशेब फार बदलणार नाही. तेच पाणी लवकर संपेल आणि कोरडा काळ काही आठवडे आधी सुरू होईल. आज पाणी शिल्लक राहून ओढ्याला जात असेल, तर मात्र ते घटेल.

पाणसळ
याला मोजमापाची जोड द्या, नाहीतर तीन वर्षांनी वाद तसाच राहील. खत न दिलेले तुकडे ठेवा, किमान तीन-तीन, आणि प्रत्येकाभोवती एका झाडाच्या उंचीइतका पट्टा सोडा. शेजारची मुळं खत खाऊन जातात आणि फरक पुसला जातो.

झाडातून वर चढणाऱ्या पाण्याचा प्रवाह मोजायला ग्रानिए पद्धत पुरे, म्हणजे खोडात खुपसलेल्या सुयांचं तापमान पाहणं. दोन सेंटीमीटरच्या दोन सुया, एक वर तापलेली (०.२ वॅट), एक १०-१५ सेंमी खाली. तापमानातला फरक रात्री सर्वात जास्त असतो, तो शून्य प्रवाह धरतात. चूक इथेच होते: कोरड्या, वाऱ्याच्या रात्रीही झाड पाणी ओढतं आणि शून्यच चुकतं. दमट, शांत रात्रीचा आकडा घ्या. सुईचं टोक मधल्या मृत लाकडात गेलं तर आकडा कमी येतो, म्हणून आधी खोडातून लाकडाचा बारीक नमुना काढून रसकाष्ठाची (पाणी वाहणाऱ्या बाहेरच्या लाकडाची) जाडी मोजा. ऊन लागून आकडा बिघडू नये म्हणून खोडाला चकाकता पत्रा गुंडाळा.

नुसता प्रवाह पाहू नका. पर्णक्षेत्र आणि रसकाष्ठाचं क्षेत्र यांचं गुणोत्तर दरवर्षी काढा. ते चढत गेलं की धोका वाढतोय.

शेवरी४२
धन्यवाद. सुयांमधलं स्फुरद ०.०९ टक्के आहे. काही बदलू का?

रानमाती
हो, हे आधी सांगायला हवं होतं! लॉब्लॉलीसाठी नत्राची सीमा १.२ आणि स्फुरदाची ०.१२ टक्के धरतात. तुमच्याकडे दोन्ही खाली आहेत. नुसतं नत्र दिलंत तर थोडी वाढ होऊन स्फुरदापाशी अडेल आणि उरलेलं नत्र नायट्रेट होऊन वाळूतून खाली जाईल.

हेक्टरी २८ किलो स्फुरद धरा. पोत्यावरचा आकडा स्फुरदाच्या पेंटॉक्साइडचा (P₂O₅) असतो, म्हणून २.२९ ने गुणा: ६४ किलो. ते १४० किलो डीएपीतून (डायअमोनियम फॉस्फेट) येतं, सोबत २५ किलो नत्र. उरलेल्या १२५ साठी २७२ किलो युरिया. बोरॉनही तपासून घ्या. नत्राने वाढ जोरात आली की बोरॉन कमी पडतो आणि शेंडे मरतात.

युरिया १०-१५ मिमी पाऊस येणार असेल तेव्हाच टाका. सर्वात वाईट म्हणजे दव किंवा हलकी भुरभुर. युरिया विरघळतो पण पाचोळ्यातच राहतो, तिथलं युरिएज हे विकर त्याचा अमोनिया करून हवेत सोडतं. ओढ्याकाठी पट्टा कोरा ठेवा. पाचोळ्याचं कार्बन-नत्र गुणोत्तर २५ च्या खाली असेल तर नायट्रेट गळायचा धोका मोठा, ३० च्या वर असेल तर कमी.

दरवर्षी मात्र देऊ नका. अमेरिकेतल्या हार्वर्ड फॉरेस्ट या संशोधन-जंगलात १९८८ पासून रेड पाइनला वर्षाला हेक्टरी १५० किलो नत्र देत गेले, तिथे झाडं वाढायच्या ऐवजी मरायला लागली.

पाणसळ
आणि विरळणी (काही झाडं तोडून रान मोकळं करणं) आधी, खत नंतर. झाडं कमी झाली की प्रत्येकाच्या मुळांना जास्त जमीन मिळते आणि वाढणाऱ्या पानांना पाणी पुरतं. दाट रानात खत टाकून मग कोरडं वर्ष आलं, तर दबलेली झाडं आधी जातात.