मदत हवी आहे : कॅनन पी या जुन्या फिल्म कॅमेऱ्यासाठी परवडणारी 50 मिमी लेन्स. ज्युपिटर-8 घेऊ की जपानीच?

मंडळी,

मामांचा कॅनन पी माझ्याकडे आलाय. शटर एक सेकंदापासून 1/1000 पर्यंत ठणठणीत, रेंजफाइंडरच्या (दोन प्रतिमा एकावर एक आणून फोकस करायची सोय) दोन्ही प्रतिमा नीट जुळतात. शटरच्या स्टीलच्या पडद्यावर सुरकुत्या आहेत, पण या मॉडेलला त्या बहुतेक असतातच; प्रकाश गळत नाही. घोडं अडलंय लेन्सवर. सोबतची कॅनन 50 मिमी एफ/1.8 वरवर चकाचक, पण मागून टॉर्च मारला की ॲपर्चरच्या (उजेड कमीजास्त करणाऱ्या झडपेच्या) पात्यांलगतच्या काचेवर साय धरल्यासारखी दिसते. दुरुस्तीवाल्याने उघडून पुसली, तरी गेली नाही. काचच खाल्ली गेलीय म्हणे. फ्रेममध्ये खिडकी आली की सगळा फोटो पांढुरका.

काम काय, तर कोल्हापुरातल्या तालमींतला पहाटेचा सराव. आत उजेड यथातथाच. एचपी5 ही कृष्णधवल फिल्म 400 आयएसओला वापरून एफ/2 वर (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त) जेमतेम 1/60 मिळतो, आणि फ्लॅश मारला तर वस्ताद बाहेर काढतील. म्हणजे इंडस्टार-22 ही रशियन लेन्स (एफ/3.5) बाद. बजेट कस्टम ड्यूटी धरून 20 हजार.

डोक्यात तीन नावं आहेत : रशियन ज्युपिटर-8 (50 मिमी एफ/2), दुसरी स्वच्छ कॅनन 1.8, नाहीतर फोक्टलेंडरची कलर स्कोपार 35 मिमी एफ/2.5. तिसरीबद्दल धाकधूक आहे, कारण मला चष्मा आहे आणि या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये 35 ची चौकट पार कडेला जाते. वापरलेल्यांनी सांगा. आणि हल्ली स्वस्त चिनी लेन्स दिसतात, त्या चालतील का?

— लालमाती

रिळवाला :
शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, नाहीतर पैसे पाण्यात. सेव्हन आर्टिसन्स, टीटीआर्टिसन यांच्या रेंजफाइंडरसाठीच्या लेन्स एम माउंटच्या (लायका एम कॅमेऱ्यांच्या जोडणीच्या) असतात. तुमचा कॅनन पी 39 मिमीच्या आट्यांचा. आट्यांची लेन्स अडॅप्टर लावून एम बॉडीवर जाते, उलटं जमत नाही. स्कोपार बघतानाही हेच तपासा, ती दोन्ही माउंटमध्ये निघालीय.

ज्युपिटर-8 माझी लाडकी. मूळ डिझाइन त्साइसच्या सोनार लेन्सचं, कडा मऊ, चेहरे सुरेख येतात. पण सोनार जन्माला आला त्साइसच्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठी, आणि रशियनांनी फोकसचं गणित तेच ठेवलं. लायका आणि कॅनन दोघंही त्याहून वेगळ्या मापावर चालतात. अनंताला (अगदी लांबच्या वस्तूला) बरोबर, पण एफ/2 वर मीटर-दीड मीटरवर फोकस डोळ्यांऐवजी भलतीकडेच. एफ/4 च्या पुढे झाकलं जातं, तुम्हाला मात्र एफ/2 च लागणार. शिवाय ॲपर्चरच्या कड्याला क्लिक नाही, धक्क्याने सरकतं. तुमच्या कामाला कॅननच घ्या.

लालमाती :
ज्युपिटर एकाकडे बघायला मिळतेय, विकत घेण्याआधी हे फोकस तपासता येईल का?

सदाफुली :
येईल की. कॅनन पी ची पाठ दारासारखी उघडते. फिल्म जिथे टेकते त्या पट्ट्यांवर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा, शटर बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं) ठेवून केबल रिलीजने उघडं धरा. समोर मीटरभरावर वर्तमानपत्र तिरकं ठेवा, रेंजफाइंडरने एका ओळीवर फोकस करा आणि मागून भिंगाने पाहा. तीच ओळ धारदार दिसली तर लेन्स तुमच्या कॅमेऱ्याशी जुळली. चुकत असेल तर आतली चकती बदलून ठरावीक अंतरापुरतं जुळवता येतं, मग अनंत बिघडतं. तालमीत अनंत हवंय कशाला, हा मुद्दा आहेच म्हणा.

चष्म्याचं म्हणाल तर 35 घेऊ नका. माझाही चष्मा आहे, चौकटीच्या दोन कडा एकदम कधीच दिसत नाहीत.

रिळवाला :
ताईंनी सांगितलेली युक्ती बरोबर. कॅनन मागवलीत तर विक्रेत्याकडून मागून टॉर्च मारलेला फोटो आधी घ्या. "किंचित हेझ" (म्हणजे काचेवरची तीच साय) लिहिलेल्या 1.8 च्या वाटेला जाऊ नका, तुमच्याकडे तीच आहे.

लालमाती :
मग कॅनन. जुन्या लेन्सचा 40 मिमीचा हूड तिला बसेलच. ज्युपिटरला 40.5 लागतो, तोही खर्च वाचला. कुणाकडे स्वच्छ 1.8 पडून असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.