परग्रहवासी म्हणावं की 'तठला'?

केळीपान (रावेर): पुतणीच्या शाळेच्या भित्तिपत्रकाचा मजकूर मराठीत करतोय. 'एलियन लाइफ'ला 'परग्रहवासी जीवन' लिहिलं, तर तिनंच अडवलं, "काका, युरोपा ग्रह कुठंय? तो तर गुरूचा चंद्र." खरंच की! ऑक्टोबर २०२४ मध्ये यान निघालंय तिकडं, बर्फाखाली जगण्याजोगं काही आहे का बघायला. सापडलंच कधी, तर जंतूएवढं असेल. त्याला 'वासी' म्हणायचं?

शब्दवेडा: 'पृथ्वीबाह्य जीवसृष्टी' रूढ आहे. प्रश्न मिटला.

केळीपान: पाचवीच्या पोरांकडून एकदा म्हणवून घ्या, मग मिटवा.

तापीकाठ: गावात नवखा माणूस दिसला की आमची आजी विचारायची, "कोठला शे रे भाऊ?" तो गेल्यावर ओट्यावरून आत सांगायची, "तठला व्हता कोनी." कुठला ते ठाऊक नाही, इथला नाही एवढं नक्की. याहून नेमका शब्द दाखवा.

शब्दवेडा: बोलीबद्दल आदर आहे, पण शाळेत प्रमाण भाषाच हवी.

तापीकाठ: म्हणजे एलियन चालतो, तठला नाही. वा!

धुळेकर: थोडं विषयांतर. अंतराळ लिहिलंत की अवकाश? हेमाडपंती देवळात गाभारा आणि मंडप यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेलाही अंतराळच म्हणतात. चार पावलांत संपतं. इथं सूर्य सोडला तर सगळ्यात जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षांवर!

शब्दवेडा: अवकाशही नको. 'पेरणीला अजून अवकाश आहे' म्हणतो आपण, तो वेळ झाला. आधीच लोक 'लाखो प्रकाशवर्षांपूर्वी' लिहितात. अहो, प्रकाशवर्ष हे अंतर आहे, सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर!

धुळेकर: उलट म्हणूनच अवकाश हवा. त्या ताऱ्याचा आज दिसणारा उजेड सव्वाचार वर्षांपूर्वीचा. जागा आणि वेळ एकाच शब्दात मावतात.

सातपुडा: १९७७च्या व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत ५५ भाषांतले निरोप आहेत, त्यात मराठीही. सुरुवात 'नमस्कार', पुढं सरळ 'तुम्ही'. जंतू असो की आणखी कोणी, अहोजाहो.

तापीकाठ: आजीनं अरेतुरेच केलं असतं, पण चहा पाजला असता.

केळीपान: मंडळी, पत्रक उद्या सकाळी छापायला जातंय. जीवन की जीवसृष्टी, एवढं तरी सांगा.

धुळेकर: जीवन म्हणजे पाणीसुद्धा. बर्फाखाली तेच आहे म्हणतात ना?