मोहरीचा मध थंडीत गोठला, तर तो भेसळीचा समजावा का?

प्रश्न
उन्हाळ्यात महाबळेश्वरहून जांभळाचा मध आणला होता आणि दिवाळीनंतर राजस्थानातील भरतपूरकडचा मोहरीचा मध मागवला. जांभळाचा मध गडद तांबूस, पातळसर असून आधी गोड आणि मागाहून तुरट-कडवट लागतो. मोहरीचा मध मात्र पुण्याच्या थंडीत लोण्यासारखा पांढुरका गोठला आहे. बाटली उलटी केली तरी तो जागचा हलत नाही. सासूबाईंच्या मते त्यात साखरेचा पाक मिसळलेला असावा. हे खरे मानावे का?

उत्तर १
केवळ गोठण्यावरून मधाला खोटे ठरवणे अन्यायाचे आहे. मधात मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन शर्करा असतात आणि त्यांतील ग्लुकोज पाण्यात कमी विरघळत असल्यामुळे त्याचेच कण आधी धरतात. मोहरीच्या मधात ग्लुकोजचे प्रमाण जास्त असते, म्हणून १४ अंश सेल्सिअसच्या आसपास तो फार लवकर रवाळ होतो. बाटली कोमट पाण्यात ठेवावी, गॅसवर कधीही ठेवू नये, कारण जास्त उष्णतेने सुगंध जातो. पाण्यात थेंब टाकून किंवा वात पेटवून शुद्धता कळते, हा समजही सोडून द्यावा. भेसळ प्रयोगशाळेतच कळते.

उत्तर २
आमच्याकडे महाबळेश्वर भागात सातेरी या देशी मधमाश्यांच्या पेट्या आहेत. (येथील मांघर हे २०२२ मध्ये देशातील पहिले ‘मधाचे गाव’ ठरले.) सातेरीच्या मधात पाण्याचा अंश बहुधा अधिक असल्याने तो पातळ राहतो, तर मोहरीच्या शेतात बहुतेक मेलिफेरा या मूळच्या परदेशी मधमाश्यांच्या पेट्या असतात. तरीही चव ठरवतो तो फुलोराच. आपण सांगितलेला तुरटपणा जांभळाचाच आहे, आणि तो ज्या मधात मुळीच लागत नाही तो मध जांभळाचा म्हणून घ्यायला मी तरी धजावणार नाही. सह्याद्रीतले कारवी हे झुडूप सुमारे सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते; त्या वर्षीचा दाट, गडद मध मिळाला तर अवश्य चाखावा.

प्रश्नकर्तीचे उत्तर
दोघांचे मनःपूर्वक आभार. अर्धी बाटली कोमट पाण्यात ठेवली, तासाभरात मध सैल होऊन सोनेरी दिसू लागला. उरलेला मात्र गोठलेलाच ठेवला आहे, कारण गरम भाकरीवर पसरल्यावर त्याचे बारीक कण जिभेवर विरघळतात ते सासूबाईंनाच फार आवडले.