जुलैत अरबी समुद्रावर वाऱ्याचे बाण आडवे का?

तापीकाठ (धुळे): ओशनसॅट-३ उपग्रहाच्या स्कॅटरोमीटरवरून (पाण्याच्या खडबडीतपणावरून वारा मोजणारा रडार) वाऱ्याचे नकाशे काढतोय. जुलैत नैऋत्य वाऱ्यात मधेच बाण आडवे. जानेवारीत सगळं सरळ. काय चुकतंय?

भरीतवांगं (जळगाव): पाऊस, भाऊ. हा रडार कू बँडचा, म्हणजे आखूड लहरींचा, पावसात फसतो. थेंबांनी पाणी खडबडीत होतं, मंद वाराही जोरदार दिसतो. रेन फ्लॅगचे (पावसाची खूण असलेले) चौकोन आधी गाळा, मग सरासरी काढा. किनाऱ्याला चिकटलेलेही टाका, जमिनीवरून परतलेला सिग्नल मिसळतो.

सातपुडा७: पण गाळलं की नेमके पावसाळी दिवस उडतात, सरासरी कलते! ॲस्कॅटशी (युरोपच्या मेटॉप उपग्रहांवरचा स्कॅटरोमीटर) ताडून पाहा, तो सी बँडचा, जास्त लांब लहरींचा; त्याला पाऊस कमी बाधतो.

तापीकाठ: आणि लाटा?

सातपुडा७: त्या अल्टीमीटरवरून, म्हणजे सरळ खाली स्पंद सोडणाऱ्या उपग्रहावरच्या रडारवरून. परतणाऱ्या स्पंदाची चढण जितकी सावकाश, तितकी लाट उंच. फक्त उपग्रहाच्या थेट खालची पट्टीच मिळते.