देशी संडासावर आईसाठी बैठक करून घ्यायची आहे, माप आणि मटेरियल सांगा

पडवीकर:

नमस्कार मंडळी. आमचं घर देवरुखजवळ, जुनं, चिऱ्याचं. संडास मागच्या पडवीच्या टोकाला. तीन बाय चार फूट, आत ओरिसा पॅन (उकिडवं बसायचा, पाय ठेवायच्या जागा असलेला), एक पायरी वर ओटा. आई ७८ वर्षांची, उंची चार फूट दहा इंच, वजन ६८ किलो. दोन्ही गुडघ्यांतलं वंगण संपलंय. उकिडवं बसणं जमत नाही आणि बसलीच तर उठवायला दोन माणसं लागतात, त्याची तिला भयंकर लाज वाटते.

मेडिकलमधून घडीची कमोड खुर्ची आणली होती. चकचकीत होती, पण एका पावसाळ्यातच पुढच्या पायाला रबरी बुटाच्या वरच्या कडेला गंज धरला. बूट ओढून काढला तर आतली नळी पापडासारखी सुटून हातात आली. मग भावाने प्लॅस्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडून दिलं. ती आई बसली की चारी पाय फाकवते. शिवाय उंचावरून पडल्यामुळे खाली सगळीकडे उडतं, आणि ते आई स्वतः धुवायला जाते.

आता गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून एकदाच नीट करून घ्यायचं आहे. पॅनवर ठेवता येईल, बाकीच्यांसाठी उचलून बाजूला करता येईल अशी साधी बैठक. कुठली नळी, किती उंची, भोक केवढं, आणि ते उडण्याचं काय करायचं? कोणी करून घेतली असेल तर सविस्तर लिहा.

सदाशिव_पेठी:

एवढा खटाटोप कशाला? पॅन काढा, कमोड बसवा. दोन दिवसांचं काम.

पडवीकर:

हे येणार माहीत होतं :) ओटा फोडावा लागेल, ट्रॅप (पॅनखालचा पाणी धरणारा बाकदार पाइप) बदलावा लागेल, तेही एक वेळ करू. पण मे महिन्यात आमच्याकडे विहीर तळाला जाते. पॅनला दोन-तीन लिटर ओतलं की काम होतं. कमोडची टाकी एका वेळेला सहा लिटर तरी घेणार, आणि ती भरायची कोणी? गणपतीत पंधरा-सोळा माणसं असतात, त्यातल्या निम्म्यांना देशीच लागतो. तेव्हा बैठकच.

जुना_फिटर:

ताई, मी कोल्हापूरचा, उद्यमनगरात उभी हयात फॅब्रिकेशनमध्ये गेली. अशा बैठका वडिलांसाठी केल्या, मग गल्लीत मागणी आली म्हणून आणखी केल्या. जरा लांबण लावतो, चालवून घ्या.

आधी तुमची खुर्ची का गेली ते बघू. नळीवर क्रोमचा मुलामा असतो, तो बाहेरून. आतून नळी उघडी. घडी आणि उंची कमी-जास्त करायची भोकं असतात ना, त्यातून रोज धुण्याचं पाणी आत शिरतं, खाली उतरतं आणि रबरी बुटात साठून राहतं. म्हणजे तो पाय चोवीस तास पाण्यात उभा. कुठलंही लोखंड असंच जाणार. म्हणून पहिली अट: घडी नको, भोकं नकोत, आणि प्रत्येक नळीचं तोंड टोपी लावून वेल्डिंगने बंद. ही टोपी लावायला वेल्डिंगवाला कंटाळा करतो, म्हणतो "रबर येणारच आहे की वर". ऐकू नका. पाणी आत जायला वाट नसली की निम्मं काम झालं.

नळी स्टेनलेसची, ३०४ ग्रेड, एक इंची, १६ गेज (म्हणजे पत्रा साधारण दीड मिलिमीटर जाड). दुकानात २०२ ग्रेडची पण मिळते, स्वस्त असते, दिसायला तशीच. तिच्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त, तुमच्या दमट हवेत ती डागाळणार. लोहचुंबक लावून ओळखतो म्हणणारे भेटतील, पण चुंबक दोन्हींना चिकटत नाही, त्यामुळे त्याने काही कळत नाही. बिलावर ३०४ लिहून घ्या. मोठ्या दुकानात तपासायचं औषध असतं, एक थेंब टाकला की रंगावरून समजतं. तो थेंब समोर टाकून घ्या. एक अख्खी २० फुटी नळी आणि वर थोडा तुकडा लागेल, वजन सहा किलोच्या आसपास भरेल. भाव किलोवर ठरवा, नगावर नको.

आता उंची. बाजारातली खुर्ची आईंना उंच पडत असणार, पाय लोंबकळत असतील. घरातल्या एखाद्या खुर्चीवर बसवा, संडासात घालतात त्या चपलांसकट. तळवे सपाट टेकले की गुडघ्यामागच्या खळग्यापासून जमिनीपर्यंत टेप लावा. त्यांच्या उंचीला १४-१५ इंच येईल. त्यात दीड-दोन इंच मिळवा, कारण गुडघे दुखणाऱ्याला थोड्या उंचीवरून उठणं सोपं जातं. पण त्याहून जास्त नको. तळवे टेकले नाहीत तर जोरही करता येत नाही आणि उठताही येत नाही. आणि हे माप ओट्यापासून धरायचं, पायरीच्या खालच्या जमिनीपासून नाही.

रुंदी पॅनवरून ठरते. ओरिसा पॅन साधारण ५८० बाय ४४० मिलिमीटर असतो. एकही पाय चिनी मातीवर टेकता कामा नये, म्हणून उजव्या-डाव्या पायांत आतून १९ इंच तरी मोकळे ठेवा. पाय खाली जाताना किंचित बाहेर फाकलेले असू देत. तुमची जागा तीन फुटी आहे, बसतं.

पाय जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या तीनच. मागे एक, दोन बाजूंना दोन. पुढे अजिबात नाही. बहुतेक जण मजबुतीच्या नावाखाली पुढेही एक ठोकतात आणि तिथेच सगळी गंमत बिघडते. तुम्ही स्वतः खुर्चीवरून उठून बघा. टाचा गुडघ्यांच्या मागे ओढल्याशिवाय उठताच येत नाही. पुढे पट्टी असली की म्हाताऱ्या माणसाच्या टाचा तिला अडतात, मग ते पुढे झुकून धडपडतं. हात ठेवायच्या नळ्या बैठकीपासून आठ-नऊ इंच वर, आणि त्या पुढच्या पायांपर्यंत आलेल्या असाव्यात. पुढचा पायच सरळ वर नेऊन त्यावर हाताची नळी टेकवली की उठताना सगळा जोर पायावरून थेट जमिनीत जातो, बैठक पुढे कलंडत नाही.

बसायची फळी. प्लायवूड नको, कितीही वॉटरप्रूफ म्हणाले तरी कापलेल्या कडेतून पाणी पितंच. तयार कमोड सीट मिळते, पण तिचं बिजागर आधी तुटतं. मी एचडीपीईची १२ मिलिमीटरची पांढरी शीट वापरतो, भाजी-मटण कापायला मोठ्या स्वयंपाकघरात असते तीच. जिगसॉने लाकडासारखी कापते. भोक आठ इंच रुंद, साडेदहा लांब, आणि समोर चार इंचांची खाच, हात घालून धुता यावं म्हणून. कडा वरून-खालून गोल करा, नाहीतर मांड्यांना काचतं. चिकटवायच्या भानगडीत पडू नका, या प्लॅस्टिकला काहीही चिकटत नाही. सहा मिलिमीटरचे स्टेनलेस बोल्ट, डोकी फळीत बुडवलेली. फळीतली भोकं मात्र आठ मिलिमीटरची पाडा, उन्हाळ्यात शीट ताणते, घट्ट भोकात ती फुगून उठते. खाचेच्या दोन्ही बाजूंना फळीखाली नळी हवी, नाहीतर ते दोन कान लवत राहतील.

उडण्यावर उपाय फुकटचा आहे. सोळा लिटरची जुनी प्लॅस्टिकची बादली घ्या, बूड कापून टाका. काठ फळीखालच्या चौकटीवर अडकेल अशी लटकवा. खालचं तोंड पॅनच्या वर दोन बोटं राहील इतपत उंची कापा. समोरून खाचेपुरती फाक काढा. बादली खाली निमुळती असतेच, जे पडायचं ते बरोबर पॅनमध्ये पडतं. बसण्याआधी तांब्याभर पाणी आतून फिरवलं की चिकटत नाही. धुवायला बादली नुसती काढून घ्यायची. आणि बैठक कुठे ठेवायची ते ओळंब्याने ठरवा: भोकाच्या मध्यातून दोरा सोडा, तो पॅनच्या पाण्यावर आला पाहिजे. तिथे ओट्यावर पायांच्या चार जागा रंगवून ठेवा, म्हणजे उचलून परत ठेवणारा चुकणार नाही.

कणकवलीकर:

स्टीलच्या मागे कशाला? आमच्याकडे कोकणचे गांधी अप्पासाहेब पटवर्धनांनी आपल्या गोपुरी आश्रमाच्या नावाचा गोपुरी संडास केला तो गावात मिळेल त्या सामानातून. फणसाच्या लाकडाचा चौरंग करा, मधे भोक. फणसाला वाळवी सहसा लागत नाही. आमच्या आजीचा तसाच होता.

जुना_फिटर:

फणस उत्तम लाकूड, वाद नाही. पण पाय ओल्यात उभा राहिला की शेवटाकडून पाणी चढतंच, आणि सांध्यांत घाण बसते ती ब्रशने निघत नाही. त्यात भिजलेला चौरंग रोज उचलायचा कोणी? शिवाय त्याला हात नाहीत. ज्याचे गुडघे धड आहेत त्याला चालेल.

हळूहळू_चला:

मी फिजिओथेरपिस्ट, नाशिक. फिटर काकांचं टाचांबद्दलचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर, आम्ही पेशंटला उठायला शिकवताना पहिलं वाक्य तेच सांगतो. भर एवढीच: भिंतीला एक आडवी दांडीही लावा, पायाच्या तळव्यापासून ३३ ते ३६ इंचांवर. दार बाहेर उघडणारं हवं आणि कडी बाहेरूनही निघेल अशी. आत माणूस पडलं आणि दार आत उघडत असेल तर ते दारालाच अडकतं.

पडवीकर:

दार बाहेरच उघडतं. पण दांडी चिऱ्याच्या भिंतीत कशी धरणार? टॉवेलची दांडी दोनदा निघून आली आहे, मागे नुसता लाल भुगा.

जुना_फिटर:

चिऱ्यात फास्टनर (भोकात फुगून बसणारा बोल्ट) धरत नाही, तो फुगला की भोकच मोठं होतं. आरपार भोक पाडा, पलीकडून चार इंची चौकोनी पट्टी आणि नट. भिंतीची जाडी मोजून तेवढे लांब आटे असलेला रॉड आणा. बाहेरून दिसतं जरा ओबडधोबड, पण आईंनी लटकून बघितलं तरी हलणार नाही.

पडवीकर:

काका, आज वेल्डिंगवाल्याशी बोलले. तो म्हणतो ३०४ ला आर्गॉन गॅसचं वेल्डिंग लागतं, ते त्याच्याकडे नाही, साध्या मशीनवर होणार नाही, त्यापेक्षा लोखंडी करून पावडर कोटिंग मारू. रत्नागिरीला नेऊ का?

जुना_फिटर:

रत्नागिरीला न्यायची गरज नाही. आर्गॉनने काम सुबक होतं एवढंच. साध्या मशीनवर ३०८ एल ग्रेडचा स्टेनलेस वेल्डिंग रॉड वापरायचा, अडीच मिलिमीटरचा, करंट कमी ठेवायचा म्हणजे नळीला भोक पडणार नाही. त्याच्या नेहमीच्या लोखंडी रॉडने जोड मारू देऊ नका, तिथेच गंज उगवेल. जोड झाल्यावर वरची खपली काढून बाजूचा निळा-काळा डाग पूर्ण घासून चकचकीत करून घ्या. तो डाग राहिला तर ३०४ सुद्धा तिथून गंजतं. घासायचा ब्रश स्टेनलेसचा, लोखंड घासलेला नको. पावडर कोटिंगचं म्हणाल तर वेल्डिंगच्या खाचेत ते नीट बसत नाही. एकदा तिथून उचकटलं की आत गंज चालत राहतो, वरून रंग शाबूत दिसतो, आणि एक दिवस पाय मोडतो. लोखंडीचा हाच धोका, मोडायच्या आधी कळत नाही.

घरी आणल्यावर आईंना लगेच बसवू नका. ओट्यावर ठेवून सिमेंटची दोन पोती फळीवर ठेवा, शंभर किलो झाले. हाताच्या नळ्या धरून चारी बाजूंना हलवा. एखादा पाय उचलला जात असेल तर रबराखाली चकती घालून सारखं करा. आणि संडास धुवायचं ॲसिडवालं लिक्विड नळीवर सांडलं तर तिथल्या तिथे पाणी मारा, त्यातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड स्टेनलेसला बारीक खड्डे पाडतं. बैठकीला साबणाचं पाणीच पुरे. फळीला ॲसिडचं काही वाटत नाही, पण फळी आणि नळी एकत्रच धुतल्या जातात, तेव्हा सवयच नको.

पडवीकर:

रॉडचं सांगितल्यावर वेल्डिंगवाला तयार झाला, टोप्यांचे पैसे वेगळे म्हणाला, म्हटलं घे बाबा. खुर्चीवर बसवून माप घेतलं, साडेचौदा आलं, सोळा सांगितलंय. आई म्हणते बादली नवी कशाला फोडायची, न्हाणीतली लाल जुनी घे. तिचा काठ एका बाजूला चिरलाय, चालेल?

जुना_फिटर:

चिरलेली बाजू मागे घ्या. आणि कडी काढून टाका, नाहीतर कोणीतरी सवयीने पाणी भरायला नेईल.

सदाशिव_पेठी:

ताई, झाल्यावर फोटो टाका. मावशींसाठी मलाही एक करून घ्यायची आहे, आमचा ओनरशिप फ्लॅट असून संडास देशीच आहे.