लॉनवरचं रात्रीचं लग्न : ३५ ची लेन्स घेऊ की ५० ची?

बर्डीचा_पोट्टा
नमस्कार मंडळी. मामेबहिणीचं लग्न आहे, वर्धा रोडकडच्या एका लॉनवर. मुहूर्त गोरज, म्हणजे मंगलाष्टकं संपेस्तोवर अंधार पडणार. फोटोग्राफर ठरलेला आहे, पण मामा म्हणाले, "तू घरचाच, तूही काढ." आता ते सगळ्यांना सांगत फिरून राहिले.

कॅमेरा निकॉन डी ५६००, लेन्स त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची झूम. मागच्या महिन्यात मित्राच्या साक्षगंधाला नेला होता. ५५ वर एफ ५.६ (लेन्सचं तोंड, आकडा लहान तितकं मोठं), आयएसओ ६४०० (सेन्सरची संवेदनशीलता), शटर १/३० सेकंद. अंगठी घालतानाचा हात म्हणजे नुसता पांढरा पट्टा आला. मग फ्लॅश लावला, तर चेहरे पीठ फासल्यासारखे आणि मागे काळा पडदा.

बजेट १५ हजार, ताणून १८. एफ १.८ ची लेन्स घ्यायची एवढं ठरलंय. ३५ की ५०?

महालातला
५०. डोळे मिटून घे. चेहरे असे येतात की नवरी स्वतःच विचारेल कोणी काढला.

जुना_फ्लॅश
डोळे मिटून नको घेऊ रे बाबा.

आधी फ्लॅशचं. कार्यालयात पांढरं छत असतं, फ्लॅश वर वळवला की उजेड छतावरून पसरून खाली येतो. लॉनवर छत कुठलं? वर आभाळ. मग लोक फ्लॅश सरळ तोंडावर मारतात आणि तुझ्यासारखं पीठ होतं. होमाचा धूर असला तर तोच आधी चमकतो. म्हणून लॉनवर मोठ्या तोंडाची लेन्स हा शौक नाही, गरज आहे.

एफ ५.६ वरून एफ १.८ वर आलास की जवळजवळ दहापट उजेड आत येतो. त्याच आयएसओला तुझा १/३० चा शटर १/२५० वर जातो. पण एफ १.८ वर लग्न काढू नको, २.२ वर ठेव. तिथंही साडेसहापट मिळतो, म्हणजे १/२०० च्या आसपास. अंगठी घालणारा हात तेवढ्यात थांबतो. अक्षतांच्या थोड्या रेघा येतील. मला त्या आवडतात, थिजलेले तांदूळ बघितले की कोणी चिकटवल्यासारखे वाटतात.

आता ३५ की ५०. आकडा मोठा तितकं जवळचं दिसतं. तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चिप, जुन्या फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान आहे, म्हणून लेन्सचा आकडा दीडपट धर. ५० म्हणजे ७५ सारखी दिसणार, ३५ म्हणजे साडेबावन्न. मंगलाष्टकांना बोहल्याभोवती काय गर्दी असते ते तू पाहिलंच असेल. ७५ चा फोटो घ्यायला तू चार पावलं मागे गेलास की मधे आत्याचा मोबाइल, काकाचा मोबाइल आणि व्हिडिओवाल्याचं ढुंगण. ३५ घेऊन पुढे बसून राहा.

सावजी_तर्री
भाऊ, ३५ घे नाहीतर ५० घे, पण नावातलं शेवटचं अक्षर पाहून घे. मी डी ५३०० साठी जुनी ५० एफ १.८ डी घेतली होती, स्वस्तात भेटली म्हणून. दुकानदार म्हणे, "निकॉनची आहे, निकॉनवर चालते." चालते ना! फक्त ऑटोफोकस होत नाही. त्या लेन्समध्ये मोटर नाही अन् आपल्या बॉडीतही नाही. भावाच्या हळदीत मी हातानं रिंग फिरवून राहिलो होतो, अन् बोटं हळदीनं माखलेली. ती रिंग अजूनही पिवळी आहे. तुझ्या ५६०० लाही आत मोटर असलेलीच लागते, यात एएफ-एस असं लिहिलेली पाहा, ३५ अन् ५० दोन्हीत १.८ जी मिळते.

बर्डीचा_पोट्टा
अरे बापरे, मी तीच डी पाहून राहिलो होतो! वाचवलं भाऊ.

आणखी एक शंका. माझ्या १८-५५ मध्ये व्हीआर (हाताची थरथर सावरणारी सोय) आहे, ३५ मध्ये नाही. मग हात हलला तर?

जुना_फ्लॅश
व्हीआर तुझा हात सांभाळतो, नवरदेवाचा नाही. १/२०० ला तुझ्या हाताचा प्रश्नच उरत नाही.

फ्रेमवाली_ताई
मी बारा-तेरा वर्षं लग्नं काढतेय, माझंही मत ३५. पण एफ १.८ च्या आहारी जाणाऱ्यांना एक सांगते. ५० वर एफ १.८, समोरचा दोन मीटरवर, तर शार्प पट्टा जेमतेम अकरा-बारा सेंटीमीटरचा. म्हणजे नवरीच्या मुंडावळ्या लख्ख आणि नवरदेव, जो अर्धं पाऊल मागे उभा आहे, तो धुक्यात. ३५ वर तेवढ्याच अंतरावरून पट्टा दुप्पट मिळतो. आता कोणी म्हणेल, ५० घेऊन मागे सरक, फ्रेम तेवढीच ठेव, मग फरक मिटतो. बरोबर आहे, मिटतो. पण बोहल्यावर मागे सरकायला जागा कुठे? मागे तर नवरीचा मामा उभा असतो.

अंधारात फोकस इकडेतिकडे शोधत बसला तर मधल्या पॉइंटवर ये. तुझ्या कॅमेऱ्यात ३९ पॉइंट आहेत, पण त्यातले मधले नऊच क्रॉस प्रकारचे (आडव्या-उभ्या दोन्ही रेघा ओळखणारे), कमी उजेडात तेच धड पकडतात. कडेचा पॉइंट निवडून चेहऱ्यावर नेण्यापेक्षा मधल्यानं डोळा पकड आणि जरा वळव.

हे या लग्नाचं नाही, पण पुढे कामी येईल. आपल्याकडे बौद्ध पद्धतीची लग्नंही खूप असतात. पांढरी साडी, पांढरा सदरा, मागे पांढरा पडदा. कॅमेरा एवढं पांढरं पाहून घाबरतो आणि सगळं राखाडी करून टाकतो. तिथे एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) वर ठेवायचं.

महालातला
सगळे ३५ च्या मागे लागले. स्टेजवर रिसेप्शनला, बिदाईला काय करणार? रडणाऱ्या बहिणीच्या तोंडाशी ३५ नेऊन उभा राहणार? तिथं लांबूनच काढायचं असतं.

जुना_फ्लॅश
बिदाईचं मान्य. तिथे ५० च बरी, ८५ असली तर आणखी बरी. पण पोट्ट्याच्या खिशात १८ हजार आहेत आणि आम्ही त्याला दोन लेन्स विकून राहिलो. पोरा, असं कर. घरात जुने फोटो असतील ना? एकेकाची माहिती उघडून पाहा, कुठल्या आकड्यावर काढलेत. झूमवाला माणूस नकळत आपल्या आवडीचा आकडा सांगून जातो.

बर्डीचा_पोट्टा
पाहिले. साक्षगंधाचे १४० फोटो. बहुतेक २८ ते ३८ च्या मधे. ५५ चे अठरा, त्यातले अर्धे जेवणाच्या ताटाचे.

सावजी_तर्री
झालं मग! ताट तं मोबाइलनं काढ.

फ्रेमवाली_ताई
सेकंडहँड घेत असशील तर लेन्समधून टॉर्च मारून आत पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की बुरशी, परत दे. आणि घेतल्या दिवशीच घरी शंभर फोटो काढ. डी ५६०० मध्ये फोकसची बारीक दुरुस्ती करायची सोय नाही, लेन्स नाकाऐवजी कानावर फोकस करत असेल तर बदलूनच घ्यावी लागेल.

लायटिंगचंही ऐक. जांभळ्या-निळ्या एलईडीखाली कातडीचा रंग मेला तर तो कुठलीच लेन्स परत आणत नाही. रॉ मध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढ आणि विधी चालू असेपर्यंत जांभळे दिवे बंद ठेवायला डेकोरेशनवाल्याला मामांकडून सांगव, तुझं तो ऐकणार नाही. काही दिवे डोळ्याला स्थिर दिसतात पण फोटोत आडवे पट्टे पाडतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यावर दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. पट्टे दिसले तर शटर १/१०० वर आण. स्वस्त एलईडीचं वेळापत्रक वेगळंच असतं, तिथं हाही उपाय फसतो. सीमांतपूजनाला आदल्या संध्याकाळी जाशीलच, तेव्हाच पाहून ठेव.

बर्डीचा_पोट्टा
मंडळी, लग्न झालं. ३५ एफ १.८ जी घेतली, वापरलेली, बजेटात बसली. टॉर्च मारून पाहिली, दुकानदार हसला.

एफ २.२, आयएसओ ५०००, १/१६०. फोटो आलेत, आणि मामांनी जांभळे दिवे खरंच बंद करवले. दागिन्यांच्या चमकेला काही ठिकाणी जांभळी किनार आली, ती कॉम्प्युटरवर काढली.

एक घोळ झाला. अंतरपाट धरला होता, मी समोर बसलेलो, मधला पॉइंट नवरीच्या डोळ्यावर आहे असं समजून दाबत राहिलो. ती उंचीनं लहान, डोळे कापडामागे, आणि कॅमेऱ्यानं अंतरपाटच पकडला. त्यावरचं कुंकवाचं स्वस्तिक असं शार्प आलंय की कापडाचा धागा न् धागा मोजून घ्या. मागे बहीण म्हणजे एक लाल ढग. असे अकरा फोटो. पाट खाली आल्यावरचे मात्र चांगले आहेत.

जुना_फ्लॅश
त्या अकरातला एक अल्बमच्या पहिल्या पानाला लाव. आम्ही मुद्दाम काढतो तो.