शब्दचर्चा : ‘ग्रंथपालांचे संशोधन विदा व्यवस्थापन प्रशिक्षण’ म्हणजे नेमकं कुणाचं काय?

बोरू :
नमस्कार मंडळी. आमच्याकडे महाविद्यालयीन ग्रंथपालांसाठी एक कार्यशाळा ठरते आहे. संशोधक जो डेटा जमवतात (सर्वेक्षणाची उत्तरं, प्रयोगशाळेतली मोजमापं, मुलाखतींची ध्वनिमुद्रणं, शेतातले फोटो) तो नीट ठेवायला, त्याची नावनिशी लिहायला आणि पुढे इतरांच्या उपयोगी पडेल अशा ठिकाणी सोपवायला ग्रंथपालांनी मदत कशी करायची, हा विषय. परिपत्रक मराठीत काढायचं आहे. बैठकीत तीन नावं आली : ‘संशोधन विदा व्यवस्थापन प्रशिक्षण’, ‘ग्रंथपालांचे संशोधन आधारसामग्री व्यवस्थापन प्रशिक्षण’ आणि ‘रिसर्च डेटा मॅनेजमेंट कार्यशाळा’. तिन्ही खटकतात, पण बोट कुठे ठेवावं कळत नाही. ‘मेटाडेटा’ (डेटाची नावनिशी), ‘रिपॉझिटरी’ (डेटा सोपवायचं ठिकाण), ‘ओपन डेटा’ (इतरांना वापरायला मोकळा डेटा) हेही पत्रकात येणार आहेत. सुचवा.

पोथीनिष्ठ :
आधी विदा. विद् म्हणजे जाणणे, त्यावरून ‘डेटा’साठी घडवलेला शब्द. जालावरच्या मराठीत बरा रुळला आहे. पण ज्यांच्या कानावर हिंदी असते त्यांना विदा म्हणजे निरोप. नागपूरकडच्या ग्रंथपालांना ‘विदा व्यवस्थापन’ म्हणजे मुलीच्या पाठवणीची तयारी वाटली तर त्यांना हसू नका. दुसरी गोम सामान्यरूपाची. आकारान्त पुल्लिंगी नाम म्हणून नियमाने चालवायला गेलात तर घोडा-घोड्याचा तसं विदा-विद्याचा होईल, आणि वाचणारा ‘विद्या’ समजेल. म्हणून लोक दादाचा, काकाचा याप्रमाणे ‘विदाचा’ म्हणतात. ते ठीक.

आधारसामग्री हा शासकीय परिभाषा कोशांतला शब्द. भारदस्त आहे, चुकीचा नाही. माझी तक्रार ‘सामग्री’वर आहे. पूजेची सामग्री, बांधकामाची सामग्री : कार्य उरकलं की सामग्री संपते. इथे तर सगळा खटाटोप प्रबंध संपल्यावर जे उरतं त्यासाठी आहे.

आकडेमोड :
डेटाच म्हणा. सांख्यिकी शिकवताना कुणीही वर्गात आधारसामग्री म्हणत नाही. ‘डेटा संपला’, ‘डेटा बंद कर’ हा मोबाइलवाला अर्थ आडवा येतो खरा, पण पुढे ‘संशोधन’ लावलं की तो गैरसमज उरत नाही. फक्त ‘माहिती’ वापरू नका. वयाच्या रकान्यात ९९ लिहिलंय. ही माहिती आहे का? पुष्कळ सर्वेक्षणांत ९९ म्हणजे ‘उत्तर दिलं नाही’. हे ज्या कागदावर लिहिलेलं असतं तो कागद हरवला की पुढचा माणूस सरासरी काढतो आणि गावात एकाएकी शंभरीला टेकलेली मंडळी वाढतात. ९९ हा डेटा. ९९ चा अर्थ सांगणारी नोंद म्हणजे मेटाडेटा. दोन्ही एकत्र वाचल्यावर जे कळतं ती माहिती. कार्यशाळेत पहिल्या अर्ध्या तासात एवढं बिंबलं तरी मी म्हणेन पैसे वसूल.

बोरू :
मेटाडेटाला अधिविदा की अधिमाहिती?

आकडेमोड :
ग्रंथपालांशी बोलताय ना? त्यांना सांगा ‘डेटाची तालिका-नोंद’. हयात त्यातच गेलेली असते त्यांची. पत्रकात मेटाडेटा ठेवा, वर्गात नोंद म्हणा.

कपाटकिल्ली :
मी बरीच वर्षं विद्यापीठ ग्रंथालयात आहे, त्यामुळे थोडं लांबण लावते. विदा की डेटा यावर इथे पूर्वीही भांडणं झाली आहेत. बोरू यांना जे खटकतंय ते मला वाटतं ‘व्यवस्थापन’ आणि ‘ग्रंथपालांचे’ यांत आहे.

‘डेटा व्यवस्थापन प्रशिक्षण’ वाचल्यावर ग्रंथपालाला काय वाटतं? आता हाही डेटा आम्ही सांभाळायचा. आधीच पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगेवर (प्रबंधांच्या राष्ट्रीय ऑनलाइन भांडारात) चढवायचे, वाङ्मयचौर्याची तपासणी करून दाखला द्यायचा, महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायली भरायच्या. त्यात प्राणिशास्त्राच्या बाईंच्या हार्ड डिस्कची भर. माणूस दारातच बिथरतो. मुळात व्यवस्थापन करणारा संशोधकच असतो. ग्रंथपालाचं काम साहाय्याचं. हा ‘साहाय्य’ शब्द तिन्ही नावांतून गळलाय.

हे मी मनाने सांगत नाही. स्कॉटलंडमधल्या एडिनबर्ग विद्यापीठाचं उदाहरण पाहा. त्यांनी मे २०११ मध्ये संशोधन डेटाचं धोरण मंजूर केलं, आणि संशोधकांसाठी एक मोफत ऑनलाइन पाठमाला काढली. तिचं नाव ‘मॅन्ट्रा’! (नाव मंत्राचं, धडे तंत्राचे.) धोरण आलं, पाठ आले, पण संशोधक अडला तर विचारणार कुणाला? विभागांशी रोजचा संबंध असलेल्या विषयवार ग्रंथपालांना. ते तर या विषयात नवे. म्हणून त्याच पाठांच्या आधारे त्यांनी ग्रंथपालांसाठी एक संच तयार केला आणि २०१३ मध्ये सगळ्यांना मोफत खुला केला. पाच बैठका : डेटाचं नियोजन, मांडणी आणि वर्णन, साठवण आणि सुरक्षितता, नीती आणि स्वामित्वहक्क, आणि शेवटी इतरांशी वाटून घेणं. प्रत्येकाने घरून धडा वाचून यायचं, वाचताना काय वाटलं ते लिहून आणायचं. बैठकीत एक छोटं भाषण, मग गटात बसून सराव आणि चर्चा. मोठा तज्ज्ञ बोलावण्याची ऐपत नसलेल्या ग्रंथालयातही चारपाच जणांनी आपले आपण करावं, अशी रचना.

मला त्यातलं आवडलेलं सांगते. ग्रंथपालाला जीवशास्त्रज्ञ किंवा संगणकतज्ज्ञ करायचा प्रयत्न त्यात नाही. वाचक ‘शेतीवरचं पुस्तक द्या’ म्हणतो आणि चार प्रश्नांनंतर कळतं की त्याला ठिबकच्या अनुदानाचा अर्ज हवाय. संदर्भसेवेतलं हे कौशल्य आपल्याकडे आहेच. तेच इथे वापरायचं. फाइल कुठे आहे? दुसरी प्रत त्याच इमारतीत आहे का? रकान्यांचे अर्थ कुठे लिहिलेत? मुलाखत देणाऱ्याची संमती कशाकशाला होती? मार्गदर्शक निवृत्त झाल्यावर हे उघडणार कोण? उत्तरं संशोधकाने द्यायची. बहुतेकांना ती देता येत नाहीत, आणि खरं काम तिथून सुरू होतं.

पोथीनिष्ठ :
‘ग्रंथपालांचे प्रशिक्षण’ यातली गंमत व्याकरणाची आहे. षष्ठी कर्तरी घ्यायची की कर्मणी? ‘सरांचं कौतुक’ म्हणजे सरांनी केलेलं की सरांचं झालेलं? तसं ग्रंथपालांनी दिलेलं प्रशिक्षण की ग्रंथपालांना दिलेलं? कपाटकिल्लीताईंनी सांगितलेल्या उदाहरणात दोन्ही खरं दिसतंय : आधी त्यांनी घ्यायचं, मग संशोधकांना द्यायचं. पत्रकात मात्र संदिग्धता नको. ‘ग्रंथपालांसाठी’ लिहा.

बोरू :
हे पटलं. पण ताई, आपल्याकडे हे मागतो कोण? आमचे प्राचार्य विचारतात, नियम दाखवा.

कपाटकिल्ली :
बाहेर जोर आला तो पैसे देणाऱ्यांकडून. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने १८ जानेवारी २०११ पासून प्रत्येक प्रस्तावासोबत जास्तीत जास्त दोन पानांचा डेटा आराखडा (डेटा कसा सांभाळणार, कसा वाटून घेणार याचं टिपण) सक्तीचा केला. दोन पानं लिहायची तर विचारायला माणूस हवा, म्हणून ग्रंथालयांत ही सेवा उभी राहिली. आपल्याकडे शासनाने स्वतः जमवलेल्या डेटासाठी २०१२ चं राष्ट्रीय धोरण आहे. जैवतंत्रज्ञान विभागाची जैविक डेटा वाटून घेण्याबद्दलची बायोटेक-प्राइड मार्गदर्शक तत्त्वं २०२१ ची, आणि फरिदाबादला भारतीय जैविक डेटा केंद्र २०२२ मध्ये सुरू झालं. म्हणजे जीवविज्ञानवाल्यांना तरी ‘कुठे सोपवू’ हा प्रश्न आता पडणार. प्राचार्यांना मात्र नियमापेक्षा एक साधी गोष्ट दाखवा. प्रबंध आपल्या ग्रंथालयात आहे, त्यात तक्ते आहेत. ते ज्या प्रश्नावल्यांतून आले त्या कुठे आहेत? उत्तर बहुधा ‘त्यांच्या घरी, माळ्यावर’ असं येईल.

खुरपं :
मी गावोगाव फिरून सर्वेक्षण करणाऱ्यांपैकी. माझे तीन आक्षेप, जरा तिखट.

एक, ‘ओपन’साठी कृपा करून विचार करून शब्द घ्या. ‘उघडा डेटा’ म्हटलं की बायाबापड्यांनी विश्वासाने सांगितलेलं उघड्यावर मांडल्यासारखं वाटतं. ‘खुला’ म्हटलं की निम्म्या महाराष्ट्राला खुला प्रवर्ग आठवतो, तरी तो त्यातल्या त्यात बरा. ‘मुक्त’ला मुक्त विद्यापीठाची सवय आहे, पण मुक्त म्हणजे कशाचंच बंधन नाही असा सूर लागतो.

दोन, ‘अनामिक करणे’. नाव खोडलं की झालं, असं समजणारे खूप आहेत. गाव, जात, व्यवसाय हे तीन रकाने ठेवलेत आणि गावात कुंभाराचं घर एकच असेल, तर नाव खोडून काय उपयोग? कार्यशाळेत हा एक सराव घ्याच : नाव नसलेला तक्ता द्या आणि माणूस ओळखून दाखवा म्हणा. मी ‘अनामिक’ऐवजी ‘ओळख पुसणे’ म्हणते. त्यात काम किती आहे ते कळतं. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आल्यापासून लोक घाबरून सगळंच कुलपात ठेवतात, तेही नको.

तीन, हे शब्दाचं नाही पण सांगते. एडिनबर्गच्या धड्यात जे सापडणार नाही ते आपल्याला शिकवावं लागेल. युनिकोड (सगळ्या यंत्रांवर मराठी सारखीच वाचता यावी म्हणून ठरलेली अक्षरपद्धत) येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेली सर्वेक्षणं. फाइल शाबूत आहे, उघडते आहे, पण तो फॉन्ट नसला की पडद्यावर नुसती चित्रविचित्र अक्षरं. हा डेटा जिवंत की मेलेला? आणि जिल्ह्यांची नावं. ‘ठाणे’ असा एक शब्द लिहून मोकळे होतात. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १ कोटी १० लाख, देशात सर्वांत मोठी. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला आणि त्यातली सुमारे ३० लाख माणसं तिकडे गेली. तक्त्यातलं ‘ठाणे’ कुठलं, हे नोंदीत नसेल तर दोन वर्षांची तुलना करणारा विद्यार्थी ठाण्यात काय आपत्ती आली यावर प्रकरण लिहील.

आकडेमोड :
तिसरा मुद्दा लाखमोलाचा. पत्रकात नको, पहिल्या सत्रात टाका. युनिकोडमध्ये बदलून घेतानाही मूळ फाइल फेकू नका, दोन्ही ठेवा. रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार हमखास गडबडतात.

पोथीनिष्ठ :
खुरपंताई, तुमच्या पहिल्या मुद्द्यावर एक सुचवतो. डेटा कसा असावा हे सांगणारी, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘फेअर’ तत्त्वं सगळीकडे चार विशेषणांत सांगतात. त्यांना शोधनीय, अभिगम्य, आंतरप्रचालनीय, पुनरुपयोज्य असे पर्याय काढले तर माझ्यासारख्या संस्कृतवाल्यालाही धाप लागते. मराठी क्रियापदांवर चालते. ‘सापडावा, मिळावा, जुळावा, पुन्हा वापरता यावा.’ यात ‘खुला असावा’ कुठेही नाही, हेही लगेच दिसतं. परवानगी मागून मिळाला तरी तो मिळालाच.

कपाटकिल्ली :
अगदी. ‘जुळावा’ छान आहे, जिल्ह्यांच्या उदाहरणाला नेमका लागू पडतो. मी हे उचलते आहे.

बोरू :
रिपॉझिटरी राहिली. विदागार, कोठार, भांडार? आणि परदेशी विद्यापीठांत संशोधकांना डेटाच्या कामात मदत करणारं ‘डेटा स्टुअर्ड’ असं पद असतं म्हणतात, त्याला?

पोथीनिष्ठ :
भांडार. ग्राहक भांडाराची आठवण होईल, होऊ द्या. जैनांची ग्रंथभांडारं त्याहून जुनी आहेत. कोठारात पोती पडून राहतात. स्टुअर्डला दप्तरदार हा पेशवाईतला शब्द सुचतो, पण आता दप्तर शाळेच्या पिशवीला म्हणतात.

खुरपं :
कारभारी?

आकडेमोड :
‘अहो कारभारी, जेवायला चला.’ नको.

कपाटकिल्ली :
नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात प्रत्येक विद्याशाखेला एक डेटा स्टुअर्ड दिलेला आहे. तो त्या विषयातलाच, बहुधा स्वतः संशोधन केलेला माणूस असतो. आपल्याकडे ते पदच नाही, तर शब्दाची घाई कशाला? ज्या दिवशी पदाची जाहिरात निघेल त्या दिवशी शासन स्वतःच एक अवघड शब्द देईल. मला ‘डिपॉझिट’ची जास्त काळजी वाटते. पत्रकांत ‘डेटा जमा करावा’ लिहितात. जमा म्हटलं की जप्तीचा वास येतो, किंवा फीचा. ‘ठेव’ म्हणा. ठेवीदाराचा हक्क जात नाही, अटी त्याच्या, आणि पावती मिळते. इथे ती पावती म्हणजे डीओआय क्रमांक, त्या ठेवीची कायमची ओळख. आपला डेटा कुणी वापरला तर त्या क्रमांकाने त्याचा उल्लेख होतो हे सांगितलं की हात राखून बोलणारे प्राध्यापकही ऐकायला लागतात. सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन संस्थेने २०१३ मध्ये सुरू केलेलं झेनोडो हे डेटा भांडार कुणालाही मोफत वापरता येतं. सरावाला तिथलीच एखादी ठेव उघडून दाखवा, आणि शेजारी नोंद न लिहिलेली एखादी दाखवा.

बोरू :
मग असं करू का : ‘संशोधकांचा डेटा : नियोजन, निगा आणि ठेव. ग्रंथपालांसाठी साहाय्य-कार्यशाळा’?

पोथीनिष्ठ :
‘निगा’ उत्तम. जतन म्हटलं असतं तर फक्त शेवटचा टप्पा आला असता; निगा पहिल्या दिवसापासून राखावी लागते. ‘साहाय्य-कार्यशाळा’ मात्र मोडा. पुन्हा तोच घोळ : साहाय्य ग्रंथपालांना की संशोधकांना? ‘ग्रंथपालांनी संशोधकांना कसं साहाय्य करावं’ असं सरळ वाक्य खाली लिहा. शीर्षकात सगळं कोंबायची सक्ती नाही.

आकडेमोड :
आणि वेळ ‘स. १०.३० ते सायं. ५’ असेल तर दोन दिवसांची करा. आराखडा लिहून घेण्याचा सराव जेवणानंतरच्या झोपेत उरकतात, नेहमीचं आहे.

बोरू :
दोन दिवसांचं मान्य होईलसं दिसत नाही, मागून बघतो. तोवर एक शेवटचं : फोल्डरमध्ये आत काय आहे ते सांगणारी जी ‘रीडमी’ फाइल ठेवायला सांगतात तिचं मराठी नाव?

खुरपं :
आमच्या गटात ‘आधी_हे_वाचा’. फाइलचं नाव देवनागरीत ठेवलं तर काही जुन्या यंत्रणांत चौकोन दिसतात, म्हणून नाव रोमनमध्ये आणि आतला मजकूर मराठीत.